एका डोंगराचे चार हजार वाटेकरी

लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतून पोमोना फ्रीवे धरून पूर्वेला निघालं, की पंधराएक किलोमीटरवर उजव्या हाताला एक ऐसपैस टेकडी लागते. गाव मॉन्टेरे पार्क. उतारावर गवत आणि झुडपं आहेत, आणि त्यांच्यामधून डोकावणारे पाइप. पाइप नसते, तर ही टेकडी जमिनीतूनच वर आली असं कुणीही मानलं असतं. ती आली ट्रकमधून. १९४८ ते १९८४ या काळात इथे सुमारे ३ कोटी टन कचरा पडला. त्यावर ३० कोटी गॅलन, म्हणजे ११३ कोटी लिटरच्या आसपास, कारखान्यांतला टाकाऊ द्रव ओतला गेला. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर हे एक लाखाहून जास्त टँकर झाले.

कचऱ्यावर द्रव ओतण्यात त्या काळी कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कचरा तो शोषून घेतो, अशी समजूत होती. काही दिवस तो शोषतोही. मग पावसाचं पाणी वरून झिरपतं, आतला कचरा कुजतो, वाटेत भेटेल ते विरघळवत काळं पाणी खाली उतरतं आणि भूजलाला मिळतं. कुजण्यातून मिथेन तयार होतो. तो वर निघताना बेंझीन, व्हिनाइल क्लोराइड यांसारखी रसायनंही सोबत नेतो. डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी माँटेबेलो गावातली घरं आहेत, अगदी कुंपणाला खेटून. आधी तक्रारी आल्या त्या वासाच्या. पुढे गॅसच्या आल्या.

१९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ही १९० एकर जागा देशातल्या सर्वांत धोकादायक जागांच्या राष्ट्रीय यादीत घातली. जागेची मालक कंपनी होती ऑपरेटिंग इंडस्ट्रीज. डोंगर निस्तरण्याइतका पैसा तिच्याकडे नव्हता आणि असण्याची शक्यताही नव्हती. मग खर्च कुणी करायचा?

ईपीएने कागद उकरायला घेतले तेव्हा त्या डोंगरात कचरा पाठवणाऱ्यांची यादी जवळपास चार हजारांवर गेली. त्यात तेल कंपन्या होत्या, विमानांचे भाग बनवणारे होते, रंगाचे कारखाने, छापखाने आणि धातूला मुलामा देणारी छोटी वर्कशॉपं होती. सरकारी खातीही होती. बरेच जण एकमेकांचं नावही ऐकून नव्हते. काहींचा कचरा चाळीस वर्षांपूर्वीचा होता आणि तो पाठवणारा माणूस कधीच वारला होता. अशा चार हजार अनोळखी पक्षकारांकडून, एकामागून एक आठ तडजोडी करत, ६० कोटी डॉलरहून जास्त रकमेची हमी मिळवली गेली. शेवटची मोठी तडजोड २००२ मध्ये झाली. दोन भावांना एका विहिरीचं पाणी वाटून घेता येत नाही, हे आपण जाणतो. इथे तर वाटून घ्यायचं होतं ते देणं.

हे जमलं कसं, हे समजायला आधी देशाच्या दुसऱ्या टोकाला, नायगारा फॉल्स शहरात जावं लागतं.

तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने कालवा खणायला घेतला होता. तो अर्धवट राहिला. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल कंपनीने त्या खड्ड्यात जवळजवळ २२ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ मध्ये ती जमीन शहराच्या शाळा मंडळाला विकली. किंमत एक डॉलर. खरेदीखतात कंपनीने लिहून घेतलं होतं, की इथे रसायनं पुरलेली आहेत आणि पुढे कुणाला इजा झाली तर दावा आमच्यावर लावायचा नाही. मंडळाने तिथे शाळा बांधली. आजूबाजूला घरं झाली. सत्तरच्या दशकात तळघरांतून रसायनं वर येऊ लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याने आणीबाणी जाहीर केली आणि पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही. कुटुंबं हलवावी लागली. लव्ह कॅनॉल हे नाव जगभर गेलं.

तेव्हा लक्षात आलं, की जुन्या, गाडलेल्या विषाचा खर्च वसूल करायला केंद्राकडे नेमका कायदाच नाही. ११ डिसेंबर १९८० रोजी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे. लोक त्याला सुपरफंड म्हणतात, कारण त्यात १.६ अब्ज डॉलरचा निधी होता आणि तो मुख्यतः कच्चं तेल आणि रसायनांवरच्या करातून यायचा होता. जिथे दोषी सापडत नाही तिथे सरकारने या निधीतून साफसफाई करायची आणि जिथे सापडतो तिथे त्याच्याकडून खर्च वसूल करायचा.

वसुलीचा भाग वाचताना माणूस दचकतो. जमिनीचा आजचा मालक जबाबदार. कचरा पडत होता तेव्हाचा मालकही जबाबदार. कचरा ज्याचा, तो जबाबदार, आणि जागा ज्याने निवडली तो वाहतूकदारही जबाबदार. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. त्या वेळी तसं टाकणं कायद्यात बसत होतं, रीतसर परवाना होता, हा बचाव चालत नाही. कायदा १९८० चा, पण पकडतो १९५० च्या ट्रकलाही. आपापसांत काय लिहून घेतलंय ते आपापसांत बघा, सरकारपुढे ते चालणार नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. एका डॉलरच्या त्या खरेदीखतातल्या अटीचा सरकारपुढे काही उपयोग राहिला नाही. १९८८ मध्ये न्यायाधीश जॉन कर्टिन यांनी हूकरची वारसदार कंपनी ऑक्सिडेंटलला जबाबदार धरलं. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी ९.८ कोटी डॉलरची आणि १९९५ मध्ये केंद्र सरकारशी १२.९ कोटी डॉलरची तडजोड झाली.

पण लव्ह कॅनॉल त्या मानाने सोपं प्रकरण होतं. विष एकाच कंपनीचं होतं. मॉन्टेरे पार्कच्या डोंगरात चार हजारांचं विष एकमेकांत मिसळून बसलेलं आहे. भूजलात सापडलेला बेंझीनचा रेणू कुठल्या वर्कशॉपमधून निघाला, हे सांगू शकेल असं कुठलंही यंत्र नाही. रेणूवर नाव नसतं. फौजदारी वकिलाला विचाराल, तर तो म्हणेल, मग सगळे सुटले.

१९८३ मध्ये ओहायोतल्या केम-डाइन प्रकरणात केंद्रीय न्यायालयाने याच्या बरोबर उलट वाट घेतली. नुकसान वेगळं काढून दाखवता येत असेल तर तुमच्या वाट्यापुरतं द्या. ते दाखवायची जबाबदारी तुमची. दाखवता येत नसेल, तर तुमच्यातला प्रत्येक जण सगळ्या रकमेला बांधील. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कर्जदार पळाला, दुसरा जामीनदार कफल्लक निघाला, की संस्थेची नोटीस ज्याचा पगार चालू आहे त्याच्या घरी येते, आणि ती अख्ख्या रकमेची येते. फरक एवढाच, की जामीनदाराने निदान सही केलेली असते.

अन्याय वाटतो ना? मला तर पहिल्यांदा वाचताना हा कायदा सरळ सरळ जुलमी वाटला. पण मग त्याची रचना नीट पाहिली की त्यातली हुशारी दिसू लागते. बचावाची ढाल प्रत्येकाच्या हातातून काढून घेतली, की न्यायालयात जाण्यात कुणालाच रस उरत नाही. सगळे एका टेबलाभोवती येऊन बसतात, आणि भांडण ‘मी दोषी की निर्दोष’ यावरून सरकून ‘माझा वाटा किती’ इथे येतं. पहिल्या प्रश्नावर तडजोड अशक्य असते. दुसरा आकड्यांचा आहे.

आकडे जमवण्याचं काम म्हणजे एक वेगळीच पुरातत्त्वविद्या. ईपीए कायद्याच्या आधारे पत्रं पाठवते आणि उत्तर द्यावंच लागतं. मग गोदामांतून खोकी निघतात. ट्रकवाल्यांची बिलं, वजनकाट्याच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या, वटलेले चेक. जिथे कागद नाहीत तिथे निवृत्त ड्रायव्हर शोधून त्यांच्या साक्षी घेतात. कुठल्या कारखान्याचे पिंप कुठल्या रंगाचे होते, आठवड्यातून किती फेऱ्या व्हायच्या, मागच्या दाराला कोण भेटायचं. पिंप साधारणतः ५५ गॅलनचं, म्हणजे २०८ लिटरचं. पण ते पूर्ण भरलेलं होतं की अर्धं? यावर वकील दिवसच्या दिवस भांडू शकतात, कारण अर्ध्या पिंपाचा प्रश्न हजार फेऱ्यांनी गुणला की लाखो डॉलरचा होतो. या सगळ्यातून एक यादी तयार होते. कुणाचा माल किती आत गेला, क्रमवार, पहिल्यापासून चार हजाराव्यापर्यंत.

पण नुसत्या आकारमानाने न्याय होत नाही. एकाने टाकलं लाखभर गॅलन धुण्याचं पाणी, दुसऱ्याने दोन हजार गॅलन सायनाइडचं द्रावण. एकाने ट्रकवाल्याला साफ सांगितलं होतं की माल घातक आहे, जपून टाक. दुसऱ्याने रात्री गुपचूप पाठवला. यांचं काय करायचं? इथे एक गंमत आहे. १९८० मध्ये प्रतिनिधीगृहात तरुण अल गोर यांनी एक दुरुस्ती मांडली होती. वाटा ठरवताना पाहायच्या गोष्टी तिच्यात होत्या. ज्याचं त्याचं योगदान वेगळं ओळखता येतं का, कचरा किती, तो किती विषारी, टाकण्यात कुणाचा किती हात, कुणी किती काळजी घेतली, नंतर सरकारला कुणी किती सहकार्य केलं. ही दुरुस्ती अंतिम कायद्यात आलीच नाही. तरीही पुढची कित्येक दशकं न्यायाधीश वाटे ठरवताना तीच यादी हाताशी घेत आले आणि तिला ‘गोर घटक’ असं नावही पडलं. १९८६ च्या दुरुस्तीने न्यायालयांना सांगितलं, की योग्य वाटतील ते न्याय्य मुद्दे विचारात घ्या. न्यायालयांना योग्य वाटले ते कायद्यातून गळालेले मुद्दे.

१९८६ ची ती दुरुस्ती म्हणजे या यंत्राचं खरं इंजिन. तिच्यातली एक तरतूद इतकी साधी आणि इतकी धूर्त आहे, की ती कागदावर मांडून पाहायला हवी.

समजा, साफसफाईचा खर्च १०० आहे आणि तीन कंपन्या जबाबदार आहेत, सारख्याच. पहिली सरकारकडे जाऊन म्हणते, मी २० देते, मला मोकळं करा. सरकार मान्य करतं. दुसरीही २० वर सुटते. तिसरी म्हणते, माझा वाटा ३३, त्याहून छदामही देणार नाही, न्यायालयात या. आता कायदा असं सांगतो: तडजोड करणाऱ्यांनी जेवढे पैसे दिले तेवढेच उरलेल्याच्या देण्यातून वजा व्हायचे. त्यांचा खरा वाटा किती होता याच्याशी संबंध नाही. म्हणजे तिसऱ्या कंपनीच्या डोक्यावर आता ३३ नव्हे, ६० उभे आहेत. आणि बाकीच्या दोघींवर दावा लावून ती हे वसूल करू शकत नाही, कारण ज्याने सरकारशी तडजोड केली त्याला इतरांच्या दाव्यांपासून कायद्याचं संरक्षण आहे. मागे राहणाऱ्याने इतरांना मिळालेल्या सवलतीचा भार उचलायचा. शिवाय साफसफाईचा सरकारी आदेश सबळ कारणाशिवाय धुडकावला, तर झालेल्या खर्चाच्या तिपटीपर्यंत दंड बसू शकतो.

हे कळल्यावर लोक दाराकडे धावू लागले तर नवल नाही. सर्वांत आधी धावतात ते छोटे. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळं दार आहे. ज्याचा वाटा अगदी क्षुल्लक, त्याने एकदाच पैसे भरून कायमचं मोकळं व्हायचं. एखाद्या वर्कशॉपचा वाटा ०.०२ टक्के आहे असं धरू. एकूण अंदाजित खर्च ६० कोटी डॉलर. त्याच्या नावावर आले १ लाख २० हजार. पण अंदाज चुकला तर? साफसफाईचा खर्च अंदाजापेक्षा वाढतोच. म्हणून त्यावर अधिमूल्य, समजा निम्मं. वर्कशॉपने १ लाख ८० हजार द्यायचे. त्याबदल्यात सरकार लिहून देतं, की पुन्हा तुमच्यावर दावा लावणार नाही. भविष्यातली अनिश्चितता मालक सरकारला विकतो आणि तिची किंमत रोख मोजतो. बड्या कंपन्यांना मात्र एवढं स्वस्तात सुटता येत नाही. त्यांच्या तडजोडीत बहुधा एक खिडकी उघडी ठेवलेली असते: नवं काही सापडलं तर सरकार पुन्हा येऊ शकतं.

छोट्यांचे पैसे आधी जमतात आणि त्यातून काम सुरू होतं. मॉन्टेरे पार्कला असंच टप्प्याटप्प्याने झालं. आधी देखरेख आणि काळ्या पाण्याचा बंदोबस्त, मग गॅस आणि डोंगरावरचं आच्छादन, शेवटी पुढच्या अनेक दशकांची निगा. प्रत्येक टप्प्याला वेगळी तडजोड, प्रत्येक तडजोडीवर न्यायालयाचा हुकूमनामा.

एक प्रश्न उरतोच. बुडालेल्या, बंद पडलेल्या, नावालाही न उरलेल्या कंपन्यांचा वाटा कुणी द्यायचा? उत्तर कडू आहे. जे जिवंत आहेत त्यांनी. टेबलावर बसलेल्यांचा सगळ्यात मोठा राग याच वाट्यावर असतो. १९९६ पासून ईपीए तडजोड करणाऱ्यांना या बेवारशी वाट्यातला काही भाग सोडून देऊ लागली. योगायोग असा, की निधीत भर घालणारे ते तेल-रसायनांवरचे कर १९९५ च्या अखेरीस संपले होते. ते थेट २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या पंचवीसेक वर्षांत, निधी आटत गेला तसा, बेवारशी विषाचा खर्च सर्वसामान्य करदात्यावर येत गेला.

आणि विमा! या गोष्टीतला सगळ्यात चक्रावून टाकणारा धागा हा आहे.

जुन्या काळच्या व्यवसाय-विम्याची बहुतेक पॉलिसी अशी असायची, की ज्या वर्षी नुकसान घडलं त्या वर्षीची पॉलिसी लागू. दावा कधी आला याला महत्त्व नाही. कचऱ्यातून विष झिरपायला १९६२ मध्ये सुरुवात झाली असेल, तर १९६२ ची पॉलिसी जिवंत. हप्ता भरला होता काही डॉलरचा आणि त्यावर आता दावा लाखोंचा. पण पॉलिसीचा कागद कुठाय? यातून एक नवा धंदाच उभा राहिला. जुन्या पॉलिसी शोधून देणारे लोक. तळघरं, वकिलांची दप्तरं, दलालांच्या वह्या, संचालक मंडळाची इतिवृत्तं यांतून ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या विम्याचे पुरावे काढून देतात. विमा कंपन्याही गप्प बसल्या नाहीत. आमच्या पॉलिसीत ‘अचानक आणि अपघाताने’ झालेलं प्रदूषण येतं, वीस वर्षं रोज ओतलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘अचानक’ या शब्दावर राज्याराज्यांच्या न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले. १९९२ मध्ये रँड संस्थेच्या अभ्यासात दिसलं, की सुपरफंडसाठी विमा कंपन्यांनी केलेल्या खर्चातला ८८ टक्के भाग वकील आणि वादविवादातच गेला. अॅस्बेस्टॉस आणि प्रदूषणाच्या या जुन्या अमेरिकन दाव्यांनी लंडनच्या लॉइड्स या तीनशे वर्षांच्या विमाबाजाराला बुडायच्या बेताला आणलं. ते जुनं ओझं वेगळं काढून ठेवायला १९९६ मध्ये इक्विटास नावाची स्वतंत्र कंपनी काढावी लागली. अमेरिकेतल्या खड्ड्यांमध्ये ओतलेलं पाणी लंडनच्या विमा व्यावसायिकांच्या घरात वर आलं.

तरीही या यंत्राची जेवढी तारीफ करावी तेवढाच त्याचा त्रासही मांडायला हवा. मोठ्या कंपन्यांनी पुढे काय केलं? आम्हाला धरलंत, मग आम्ही इतरांना धरतो. कनेक्टिकटमधल्या बीकन हाइट्स आणि लॉरेल पार्क या दोन डम्पिंग ग्राउंडच्या प्रकरणात बी. एफ. गुडरिच आणि इतर कंपन्यांनी नगरपालिकांना ओढलं. घरातल्या कचऱ्यातही रंग असतो, नेलपॉलिश असतं, बॅटऱ्या असतात, म्हणजे तोही घातक. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केलं, की नगरपालिकाही जबाबदार ठरू शकतात. तत्त्व म्हणून हे बरोबरच होतं. रसायन विचारत नाही की आपण कारखान्यातून आलो की स्वयंपाकघरातून. पण परिणाम पाहा. पेनसिल्वेनियात गेटिसबर्गजवळच्या कीस्टोन डम्पिंग ग्राउंडच्या प्रकरणात ईपीएने मोजक्या पक्षकारांवर दावा लावला, त्यांनी आणखी लोकांना ओढलं, त्यांनी आणखी, आणि शेवटी शेकडो छोटे दुकानदार आणि उपाहारगृहवाले केंद्रीय न्यायालयाचे प्रतिवादी झाले. खरकटं आणि पुठ्ठे टाकल्याबद्दल. त्यातल्या एका उपाहारगृहाची मालकीण पुढे अमेरिकन काँग्रेससमोर आपली व्यथा मांडायला गेली.

यावर तोडगा दोन टप्प्यांत आला. १९९८ मध्ये ईपीएने धोरण ठरवलं, की शहरी कचरा पाठवणाऱ्यांनी टनामागे ५.३० डॉलर भरले की ते मोकळे. वर्षानुवर्षांच्या वादाला एवढा साधा दर. जिथे नगरपालिका स्वतः जागेची मालक वा चालक होती, तिथे तिचा वाटा सुरुवातीला २० टक्के धरायचा. मग जानेवारी २००२ मध्ये नवा कायदा झाला. घरमालक, छोटे व्यवसाय, छोट्या धर्मादाय संस्था घरगुती कचऱ्याच्या जबाबदारीतून बाहेर. एप्रिल २००१ पूर्वी ११० गॅलनहून कमी द्रव किंवा २०० पौंडांहून कमी घन घातक माल पाठवणाराही बाहेर. ही रेषा १९८० लाच आखता आली असती, असं माझं मत आहे. बावीस वर्षं लागली. आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बर्लिंग्टन नॉर्दर्न प्रकरणात सांगितलं, की वाजवी आधार असेल तर वाटा वेगळा काढता येतो, आणि विकलेला माल पुढे सांडणार हे नुसतं माहीत असल्यामुळे विकणारा ‘कचरा टाकणारा’ होत नाही. तेव्हा त्या सरसकट जबाबदारीच्या कडा जरा बोथट झाल्या.

प्रश्न संपलेला नाही. नॉनस्टिक भांडी, जलरोधक कपडे, अग्निशामक फेस यांतून आलेल्या, वर्षानुवर्षं न विघटणाऱ्या पीएफएएस गटातल्या दोन रसायनांना ईपीएने २०२४ मध्ये या कायद्याखाली घातक ठरवलं. ती जवळपास प्रत्येक डम्पिंग ग्राउंडमध्ये आहेत. यादी पुन्हा उघडली आहे.

मॉन्टेरे पार्कचा डोंगर मात्र शांत आहे. आच्छादन घातलंय, गॅस पाइपांनी ओढला जातो, काळं पाणी गोळा करून शुद्ध केलं जातं. त्याच गॅसवर छोटी टर्बाइनं चालतात आणि डोंगराच्या स्वतःच्या विजेच्या गरजेचा मोठा भाग भागवतात. फ्रीवेच्या उत्तरेकडच्या ४५ एकरांच्या तुकड्यावर खरेदी-संकुल उभं राहिलं. देखभाल संपणारी नाही, पण तिचा पैसा कुणी द्यायचा हे लिहून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे? ‘प्रदूषण करणारा भरपाई देईल’ हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात ठामपणे उचलून धरलं. दोषी कंपन्या खटल्यामागून खटले लढत राहिल्या आणि २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. तत्त्व होतं, टेबल नव्हतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदा अधिसूचित केले. जागा शोधायची, जबाबदार व्यक्ती ठरवायची, खर्च तिच्याकडून घ्यायचा, अशी त्यांची चौकट आहे. मात्र डम्पिंग ग्राउंडमधला घनकचरा, त्याचे नियम वेगळे असल्याच्या कारणाने, या चौकटीबाहेर ठेवला आहे.

देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. तिथला सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा हटवण्याच्या कामाची निविदा मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये काढली. खर्च दोन हजार कोटी रुपयांहून अधिक. हा कचरा कुणाकुणाचा, त्यात कुठल्या कारखान्याचं काय आणि किती, याची यादी कुणी मागितली नाही. पैसे महापालिकेच्या तिजोरीतून जाणार आहेत.